दिवेलागणीचा मिसकॉल

दिवेलागण झाली की ऋतुजाचा फोन वाजायचा आणि ती तो उचलायची नाही. भांडण वगैरे काही नव्हतं, मायलेकींचा तो ठरलेला रिवाज होता. वडील, रावजी, चिंचोळी एमआयडीसीत कामाला असताना आठवडाभर तिकडंच राहायचे. तेव्हा बॅलन्स जपून वापरावा लागे, म्हणून त्यांनी करकंबला घरी सांगून ठेवलं होतं, की संध्याकाळी नुसता वाजला तर सगळं खुशाल समजायचं. उचललाच कुणी, तर काहीतरी विपरीत घडलंय. पुढं रावजी वारले, रिचार्ज स्वस्त झाले, रिवाज मात्र जागचा हलला नाही. आता करकंबहून आई, सारजाबाई, फोन करायच्या आणि सोलापुरात लेक तो वाजू द्यायची.

विजापूर रोडवरच्या खोलीत ऋतुजाबरोबर अक्कलकोटकडच्या दोघी राहायच्या. चांगल्या होत्या बिचाऱ्या, पण गप्पांत रंगल्या की कानडीत जायच्या, आणि मग ऋतुजा भिंतीकडं तोंड करून पुस्तक उघडायची. डबाही एकटीच खायची. कॉलेजात पहिल्या वर्षी ‘स्वतःची ओळख’ नावाचा विषय होता. त्यात तिनं लिहिलं, की मला कुणाची गरज लागत नाही, मी एकटी मजेत राहते. मॅडमनी ते वर्गात वाचून दाखवलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या पडल्या की माणूस आपलंच खोटं खरं मानायला लागतो. स्वतःला शोधायला गेलेली ही पोरगी भलतीलाच हाताला धरून परत आली होती, पण तिला हे सांगणार कोण? वर्षभर ती त्या भलतीबरोबरच राहिली.

दुसऱ्या वर्षी ‘जग आणि आपण’ असा विषय आला. कॉम्प्युटर लॅबच्या पडद्यावर केनियातल्या एका कॉलेजची मुलं दिसायची आणि जोडीजोडीनं बोलायचं. तिकडं दुपार असायची, म्हणून इकडचा तास संध्याकाळी. ऋतुजाच्या वाट्याला अकिन्यी आली. तीही शिकायला गाव सोडून शहरात राहिलेली. इंग्रजी दोघींचंही बेताचंच, त्यामुळं दोघींचं चटकन जमलं.

त्या दिवशी बोलायचं होतं घरापासून लांब राहणाऱ्या माणसांबद्दल. ऋतुजानं पाठ करून आणलेलं उत्तर सुरू केलं आणि नेमका आईचा फोन वाजला. वाजला तो थांबेचना. हल्ली आईचा मिसकॉल असाच लांबत चालला होता. तिला बंद करायचं बटण सापडत नसेल, असं म्हणून ऋतुजा वैतागायची. आता तर जगासमोर शोभा झाली.

तिनं खाली मान घालून सगळा रिवाज सांगून टाकला. अकिन्यी हसली, पण हेटाळणीनं नव्हे. आमच्यातही हेच चालतं, म्हणाली, मी आजीला रोज असाच फोन वाजवून सोडते. इतक्या लांब, समुद्रापलीकडं, कुणीतरी आपल्यासारखंच वागतंय हे ऐकून ऋतुजाला केवढं बरं वाटलं. मग अकिन्यीनं सहज विचारलं,

“वाजला की खुशाल, उचलला की संकट. पण नुसतंच एकटं वाटलं, तर तुमच्यात काय करतात?”

ऋतुजानं तोच प्रश्न अकिन्यीला केला.

“आमच्यातही त्याला काही नाही,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शनिवार. अक्कलकोटच्या दोघी गावी गेल्या होत्या. दिवेलागणीला फोन वाजला आणि वाजत राहिला. टाळ्या वाजवायला इथं कुणी नव्हतं, आणि मजेत तर ऋतुजा मुळीच नव्हती. तिनं फोन उचलला.

“काय झालं गं?” सारजाबाईंचा आवाज कापत होता. “कुटं हायस? लागलं का कुटं?”

“काय न्हाय झालं, आई. मी बरी हाय.” एवढं म्हणाली आणि तिला रडूच कोसळलं. “मला हितं करमत न्हाय. लई एकटं वाटतंय.”

उगाच घाबरवलं म्हणून आई आता रागावणार, असं ऋतुजाला वाटलं.

“मलाबी न्हाय करमत, बाई,” पलीकडून हळूच आवाज आला. “म्हनून तर रोज जरा जास्त वाजू देती. म्हनलं, उचलशील एखांद्या दिवशी.”