पाटे की स्प्रिंग

माझ्या दोन भावांचं, रूलन आणि थेनचं, विळ्याभोपळ्याचं सख्य. कारण काय, तर जुन्या व्हॅनच्या पुढच्या चाकांखाली काय बसवायचं. बाईवरून नाही, जमिनीवरून नाही. पाटे की स्प्रिंग!

आमच्या नेवाडाच्या वाळवंटात डांबरी रस्ता संपला की साध्या गाडीचं काही चालत नाही. म्हणून लोक वीस-तीस वर्षांच्या जुन्या लांबलचक व्हॅन घेऊन येतात आणि आम्ही त्यांच्या पुढच्या बाजूला ट्रकचा ॲक्सल बसवतो, म्हणजे चारही चाकं ओढू लागतात. थोरला रूलन तो ॲक्सल जाड लोखंडी पाट्यांवर बसवायचा, बाबा बसवायचे तसाच. स्वस्त, दणकट, आणि आत बसणाऱ्याची हाडं खिळखिळी करणारा. धाकट्या थेनने गोल स्प्रिंगा घातल्या. महाग काम, पण गाडी खड्ड्यावरून अशी जाते की हातातली कॉफी सांडत नाही. बाबांना पुरलं त्या दिवशी कुणीतरी सहज विचारलं, दोन्हींत बरं कोणतं? कबरीवरची माती अजून बसली नव्हती, तेवढ्यात रूलनने थेनचा दात पाडला. तेव्हापासून एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन गॅरेजं. मी मधली बहीण, व्हर्डा. दोन्हीकडे वेल्डिंग करायची आणि दोन्हीकडच्या शिव्या खायची.

त्या उन्हाळ्यात पर्ल सॅटरफिल्ड आपली म्हातारी व्हॅन घेऊन आली. पर्ल गुरं पाळते, भीत कुणालाच नाही. ती म्हणाली, "कोणाकडे टाकू ते तुम्हीच सांगा." रूलन म्हणाला, "आमच्या दोघांच्या व्हॅन शेपटीला शेपटी बांधू आणि ओढू. जो ओढला जाईल त्याने गप्प बसायचं." आमच्याकडे अशी लढत नवी नाही. गावातला प्रत्येक गडी एकदा तरी ओढला गेलेला असतो. मला कोण जिंकतं याच्याशी देणंघेणं नव्हतं. दोघं धडधाकट घरी यावेत, एवढंच मला हवं होतं. म्हणून मीही गेले.

कोरड्या तळ्याची पांढरी जमीन तव्यासारखी तापली होती. दोघा भावांच्या व्हॅन पाठीला पाठ लावून उभ्या राहिल्या. पर्ल आपल्या पिकअपला टेकून बघत होती.

"तुझी गाडी म्हणजे म्हातारीची झुलती खुर्ची," रूलन म्हणाला. "बस झुलत."

"आणि तुझ्या गाडीत बसणाऱ्याला मूळव्याध होते," थेन म्हणाला. "गिऱ्हाइकाला चावीबरोबर मलमाची डबी देत जा."

पर्ल खो खो हसली. तिथेच सगळं बिघडलं. रूलनचा ठोसा थेनच्या भुवईवर बसला आणि कातडी फाटून डोळ्यात रक्त उतरलं. थेनने जॅकचा दांडा उचलला आणि रूलनच्या हातावर असा हाणला की हाडाचा आवाज मला ऐकू आला. मग दोघं जमिनीवर लोळत एकमेकांचे गळे दाबू लागले. मी फावडं घेतलं आणि दांड्याने दोघांच्याही पाठी सडकल्या.

"जनावरं आहात का रे? आईने याचसाठी पोसलं तुम्हाला?"

"व्हर्डे, लांब हो," रूलन धापा टाकत म्हणाला. "आता ओढूनच दाखवतो."

थेनच्या गाडीला ओढायचा जाड पट्टा नीट लागला, मागच्या पोलादी खोबणीत, जाड पिनेवर. रूलनच्या गाडीची पिन गंजून बसली होती आणि त्याचा हात तर सुजून भोपळा झालेला. त्याने दोन लाथा घातल्या, पिन हलली नाही. मग त्याने पट्टा सरळ मागच्या गोळ्यावर चढवला, ज्याला ट्रेलर अडकवतात त्या.

"रूल्या, गोळ्यावर नको!" मी ओरडले. "तो झटका सोसत नाही. तुटला तर तोफगोळ्यासारखा जाईल."

"बाबांनी लावलेला गोळा आहे. तुटायचा नाही."

थेनने खिडकीतून डोकं काढून रक्त थुंकलं. "असू दे गं. त्याचा गोळा तुटला म्हणजे मीच जिंकलो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी फावडं रूलनच्या पुढच्या काचेवर भिरकावलं. काच तडकली. तो आतून हसला आणि त्याने गिअर टाकला.

आधी दोघांनी दमाने ओढलं. आठ चाकं जमीन उकरत होती, धुरळ्यात मला पर्लही दिसेना, आणि कुणीच तसूभर हलेना. मग थेनने गाडी जरा मागे घेऊन पट्टा सैल केला आणि सगळा जोर लावून पुढे झेप घेतली.

बंदुकीसारखा आवाज झाला. रूलनची गाडी सुटून पुढे धावली. आपणच ओढलं असं वाटून तो गाढव हॉर्न वाजवत सुटला.

थेनची गाडी आपली आपण हळूहळू चालली होती. मागच्या दारात डोकं मावेल एवढं भोक. मी धावत जाऊन चावी फिरवून ती बंद केली. गोळा दार फोडून, सीट फोडून त्याच्या पाठीत बसला होता. उजव्या बरगड्या आत गेल्या होत्या आणि तोंडातून लाल फेस येत होता.

"कोण जिंकलं?" त्याने विचारलं. मला त्याला मारावंसं वाटलं आणि कुशीत घ्यावंसंही.

तोवर रूलन गाडी वळवून परत आला. तिथे फोन लागत नाही. ॲम्ब्युलन्सला डांबरी रस्त्यावर बोलवायला पर्ल तिची पिकअप घेऊन पुढे पळाली. थेनच्या गाडीची मागची दारं वाकून अडकली होती, म्हणून आम्ही त्याला रूलनच्या गाडीत आडवा केला. तळ्याचा काठ सोडला आणि पन्हाळी पत्र्यासारखा तो कच्चा रस्ता सुरू झाला. प्रत्येक वळीवर पाटे खालून लाथ मारत होते आणि प्रत्येक लाथेला थेन किंचाळत होता. माणूस असा ओरडू शकतो हे मला माहीत नव्हतं.

"मारून टाक मला रूल्या, पण हे थांबव!"

रूलनने ब्रेक दाबला आणि स्टिअरिंगवर कपाळ आपटलं, दोनदा, तिसऱ्यांदा. मग त्याने गाडी वळवली. तळ्यावर येऊन जॅकच्या त्याच दांड्याने, मोडक्या हाताने, त्याने थेनच्या गाडीची दारं उचकटून काढली. आम्ही थेनला तिच्यात हलवलं. रूलन फाटक्या सीटवर, धाकट्याच्या रक्तातच बसला.

गाडी निघाली. त्याच वळ्या, तोच वेग, पण खालून नुसती घरघर. थेनचं डोकं माझ्या मांडीवर होतं. "दामटव," तो पुटपुटला. "हिला काही होत नाही." आणि खरंच काही होत नव्हतं. तो ओरडला नाही. नुसता कण्हत राहिला, मग कण्हणंही थांबलं.

"व्हर्डे, बघतेस ना?" रूलन पुढून म्हणाला. "एकदाही ओरडला नाही. मऊ आहे गं गाडी. थेन्या, ऐक. तुझी गाडी चांगली आहे. बाबांपेक्षा चांगली बांधलीस. मी हरलो. उद्याच माझे सगळे पाटे भंगारात घालतो. ऐकतोयस ना?"

माझा हात थेनच्या छातीवर होता. ती हलायची थांबून बराच वेळ झाला होता. हे सांगितलं असतं तर रूलनने गाडी सरळ खडकावर घातली असती, मी ओळखते त्याला. एकाच दिवशी दोघांना गमवायची माझ्यात ताकद नव्हती.

"ऐकतोय," मी म्हणाले. "आता डोळा लागलाय त्याचा. तू चालव."

"झोपू दे," रूलन म्हणाला. त्याने बाहीने डोळे पुसले आणि पुढच्या वळ्यांवर मुद्दाम वेग कमी केला, भावाची झोप मोडू नये म्हणून.