वीस मिनिटांची गाठ

मिनिट ०. ऑपरेशन थिएटरमधून डबी येते. डबीत वाटाण्याएवढी पिवळी गाठ. ताईच्या यकृतावर सापडली. ताईचं निम्मं यकृत धाकट्या भावाला द्यायचंय, तो शेजारच्या खोलीत झोपवून ठेवलाय. गाठ कर्करोगाची निघाली तर ताईचं पोट तसंच शिवायचं. भावाला दुसरा दाता नाही. उत्तराला मुदत वीस मिनिटं.

मिनिट १. पॅथॉलॉजिस्ट मॅडम चष्मा पुसतात. ‘अण्णा, गोठवा.’ अण्णा म्हणजे लॅबचे तंत्रज्ञ. उणे वीस अंशांवर गोठवतात. नेहमी उणे वीसच.

मिनिट ५. गोठलेल्या गाठीचा पातळ काप काढताना फाटतो.

मिनिट ७. दुसराही.

‘लोण्यासारखं पसरतंय,’ अण्णा.

‘चरबी दिसतेय. ती उणे वीसला कुठली दाद देतेय. फवारा मारा, अजून गार करा.’

‘वेळ जाईल.’

‘जाऊ दे.’

‘वेळ आहे का आपल्याकडे?’

‘नाही. मारा.’

मिनिट ९. फोनवर सर्जन. ‘मॅडम, पोट उघडं आहे.’

‘झाकून ठेवा.’

मिनिट १० ते १३. अण्णा फवारा मारता मारता उणे वीसचं कारण सांगतात. आधीच्या साहेबांनी सांगितलं होतं. साहेब वारले.

मिनिट १५. तिसरा काप टिकतो. काच सूक्ष्मदर्शकाखाली. मेलेली चरबी, भोवती जाड कवच. यकृताची पेशी औषधालाही नाही.

मिनिट १७. मॅडम सर्जनला फोनवर सांगतात. ‘कर्करोग नाही, नुसती चरबी. गंमत म्हणजे ती यकृताची नाहीच. मोठ्या आतड्याला चरबीचे झुपके लोंबतात ना, त्यातला एखादा पिळवटून तुटतो, पोटात भटकतो, आणि यकृताच्या आवरणाला—’

‘मॅडम, पुढे जाऊ?’

‘जा.’

फोन बंद.

‘—चिकटतो,’ मॅडम अण्णांना सांगतात.

‘घरजावई,’ अण्णा म्हणतात आणि पातं पुसायला घेतात.

(मिनिटं इथे संपतात.)

नववा दिवस. ताई एका हाताने पोट धरून लॅबच्या दारात. दुसऱ्या हातात अहवाल. भाऊ वरच्या मजल्यावर पेज पितोय आणि पेजेला नावं ठेवतोय.

‘ही गाठ माझ्या यकृताची नव्हती?’

‘नव्हती.’

‘आणि त्याला दिला तो तुकडा?’

‘तो यकृताचाच. चांगला होता.’

‘तेवढं लिहून द्या,’ ताई म्हणते. ‘लहानपणापासून त्याचं एकच पालुपद. ताई मला उरलंसुरलं देते.’

मॅडम पेन शोधतात.