खुर्चीत बसल्याशिवाय

सलूनवाले काका बोलण्यात कुणाला हार जाणारे नाहीत, असं अख्खी गल्ली म्हणायची. माणूस खुर्चीत बसला, मानेभोवती कापड आलं, की काकांची कात्री आणि जीभ एकदमच सुरू व्हायची. हवापाणी, राजकारण, कुणाच्या सुनेचं कुणाशी पटत नाही, गुडघेदुखीवर काय लावावं, सगळं. गिऱ्हाईक केस कापायला कमी आणि ऐकायला जास्त यायचं. आणि हाच माणूस घरी आला की मूग गिळून बसायचा. काकूंचा इतक्या वर्षांचा संसार झाला होता तो 'हं', 'बरं' आणि 'चहा' या तीन शब्दांवर.

आपल्या नवऱ्याला वांगं आवडत नाही, हे काकूंना कळलं ते वरच्या मजल्यावरच्या औषधवाल्याकडून. औषधाचं दुकान चालवणारा हा गृहस्थ काकांचं नेहमीचं गिऱ्हाईक. एकदा जिन्यात भेटला आणि हसत म्हणाला, "काकू, तुम्ही फार वांगी करता म्हणे." लग्न झाल्यापासून काका ते वांगं मुकाट्याने गिळत होते, आणि तक्रार केली ती कुठं, तर औषधवाल्याच्या डोक्यामागे उभं राहून. काकूंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी घरात पाय ठेवल्या ठेवल्या विचारलं, "तुम्हाला वांगं आवडत नाही का हो?"

"चालतं," काका म्हणाले.

असा नवरा सकाळपासून दिवे लागेपर्यंत दुकानात असतो, तोवर एक वेळ निभतं. पण साथ आली, सगळं बंद झालं, आणि बंद होणाऱ्यांत सलूनचा नंबर पहिला. माणसाच्या तोंडाजवळ तोंड नेऊन करायचा धंदा, तो कोण चालू ठेवू देणार? काकू ड्रायक्लीनरकडे बटणं लावायच्या, चेन बदलायच्या. तेही दुकान बंद. राहिल्या दोन खोल्या, एक टीव्ही आणि समोरासमोर दोन माणसं. काका खिडकीत बसायचे. तिथून रस्त्यापलीकडचं त्यांच्या सलूनचं खाली ओढलेलं शटर दिसायचं. मधेच उठून डब्यातली कात्री काढायचे, तिला तेलाचा थेंब द्यायचे, हवेत दोनदा चालवून बघायचे आणि परत ठेवून द्यायचे.

काकूंना तर बोलल्याशिवाय घास उतरत नाही. पण बोलायचं कुणाशी? एकदा वैतागून त्या मुद्दाम म्हणाल्या, "आज भाजीत मिठाऐवजी साबणाची पावडर घातलीय."

"बरं," खिडकीतून उत्तर आलं.

हे असंच चाललं असतं, काकूंनी भांडी आपटली असती, काकांनी हं म्हटलं असतं. पण तेवढ्यात ठकीचा फोन आला. ठकी म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. दूरच्या शहरात मोठ्या इस्पितळात नर्स होती, लहान मुलांच्या वॉर्डात. आता इस्पितळाने साथीच्या रुग्णांसाठी वेगळा वॉर्ड काढला होता आणि तिथं कोण येतं, असं सगळ्यांना विचारलं होतं. सक्ती नव्हती. हो की नाही, ते रविवारी संध्याकाळपर्यंत सांगायचं होतं.

"काही नाही जायचं," काकू ताबडतोब म्हणाल्या. "तिथं डॉक्टर आडवे होतायत, रोज टीव्हीवर दाखवतात."

"आई, तू मला सायकलवरसुद्धा बसू देत नव्हतीस," ठकी म्हणाली. "तुझं 'नको' मी धरतच नाही. बाबांना दे. बाबा मला आजवर कशाला हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. ह्या वेळी त्यांनी सांगायचं. नको म्हणाले तर मी नाही जाणार, शप्पथ."

काकूंचा जीव भांड्यात पडला. बापच तो, एकुलत्या एका पोरीला आगीत जा म्हणून सांगतोय थोडाच? नुसतं 'नको' म्हणायचं, दोन अक्षरं. त्यांनी फोन नवऱ्याच्या कानाला लावला. काकांनी ऐकून घेतलं, बराच वेळ घेतलं. मग म्हणाले, "हं. जेवलीस का?" आणि फोन परत केला.

तेव्हापासून काकूंनी नवऱ्याची पाठ सोडली नाही. गोड बोलून झालं, रडून झालं, ताट पुढ्यातून ओढून घेऊन झालं. "अहो, पोटची पोर आहे. एक शब्द सांगा तिला. नको म्हणा, एवढंच." काका ऐकायचे, चेहरा कसनुसा करायचे आणि खिडकीत जाऊन बसायचे. काकू त्यांच्या मागोमाग खिडकीपर्यंत जायच्या. दोन खोल्यांत माणूस पळून पळून जाणार कुठं? पण तोंड उघडेल तर शपथ. पालथ्या घड्यावर पाणी. भिंतीशी बोलले असते तर निदान भिंतीने 'हं' करून डोकं तरी फिरवलं नसतं, असं काकूंना वाटायला लागलं. राग नवऱ्याचा होता, पोरीचा होता, आणि कुणाला विचारत न बसता सगळं बंद करून टाकणाऱ्या त्या साथीचाही होता. तिला शिव्या घालून तरी काय मिळणार होतं?

शनिवारी दुपारी औषधवाला दारात आला. त्याचं दुकान तेवढं चालू होतं, आणि केस कानांवर उतरून त्याचा पार अवतार झाला होता. "काका, फार नको, कानामागचं तेवढं घ्या," तो अजिजीने म्हणाला. "जिन्यात बसू. कोण बघतंय?"

काका इतक्या चपळाईने उठले की काकू बघतच राहिल्या. जिन्याच्या वळणावर स्टूल ठेवलं गेलं. दोघांच्या तोंडाला मास्क. त्याच्या नाड्या कानांवरून कात्रीत यायला लागल्या, तेव्हा औषधवाल्याने नाड्या काढून मास्क हाताने नाकावर दाबून धरला. आणि दार लोटून घेता घेता काकूंच्या कानावर आला तो नवऱ्याचा आवाज. मोकळा, भरभरून.

"...पोरगी आमची जाते म्हणतेय साथीच्या वॉर्डात. झोप नाही मला. डोळा लागला की तीच दिसते, एवढीशी, शाळेच्या गणवेशात."

काकू दाराशी खिळल्या. त्यांच्यासमोर मिठाची गुळणी, आणि इथं औषधवाल्याच्या टाळूला सगळं सांगून मोकळं व्हायचं? जाऊन दोघांच्याही हातातलं सगळं फेकून द्यावं, असं त्यांना वाटलं. तरी त्या श्वास रोखून ऐकत राहिल्या.

"मग काय सांगितलंत तिला?" औषधवाल्याने विचारलं.

"सांगायचं तर..." काका म्हणाले, आणि कात्रीचा आवाज थांबला. "झालं बघा. मान झटका."

पुढे एक अक्षर नाही. काका आत आले, हात धुतले आणि खिडकीत बसले. काकूंनी त्या रात्री एवढंच ताडलं की हा माणूस तोंडाने बोलतच नाही, हाताने बोलतो. हातात कात्री हवी आणि पुढ्यात डोकं. समोरासमोर त्याला जमत नाही.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर काकूंनी कपाटाच्या आरशासमोर खुर्ची ओढली. गळ्याभोवती टॉवेल घेतला, अंबाडा सोडला. केस खुर्चीच्या पाठीवरून खाली लोंबायला लागले. त्या केसांवर काकूंचा जीव होता. नात्यातल्या बायका अजून त्या केसांचा हेवा करायच्या, आणि काकू तो त्यांना मनसोक्त करू द्यायच्या.

"कापा," त्या म्हणाल्या.

काका दचकले. "बायकांचे मी कापत नाही."

"आजपासून कापा."

पण काकांचा हात आपोआप डब्याकडे गेला. पाण्याचा फवारा मारला, कंगवा घातला, केस वर उचलून बोटांत धरले. इतक्या दिवसांचे उपाशी हात ते. काकूंना आरशात दिसलं, नवऱ्याचे खांदे खाली आले होते.

"किती घेऊ?" काकांनी विचारलं.

"बोलाल तितके."

पहिली बट जमिनीवर पडली. आणि काकांचा आवाजही फुटला. आधी इकडचं तिकडचं झालं. औषधवाल्याला फार कोंडा आहे. ही कात्री दुकानाच्या पूर्वीच्या मालकाची, असं पोलाद आता मिळत नाही. तुझे केस एका बाजूला दाट आहेत, हे मला ठाऊकच नव्हतं. काकू मान हलवत होत्या, डोळ्यांत पाणी येऊ देत नव्हत्या. डावी बाजू खांद्यापर्यंत आली तशी त्यांनी हळूच विचारलं, "ठकीला काय सांगायचं?"

कात्री अडखळली.

"थांबू नका," काकू म्हणाल्या. "अजून घ्या. वर घ्या."

काकांनी आणखी एक बट उचलली. "रोज सकाळी उठून ठरवतो, आज सांगून टाकायचं," ते म्हणाले. "मग तोंड उघडत नाही. भीती वाटते मला. नुसती भीती."

"मग नको म्हणून टाका ना."

तेवढ्यात फोन वाजला. ठकीच. काकूंनी जागचं न हलता फोन उचलला, चित्र सुरू केलं आणि तो आरशाला टेकवून उभा केला. आता आरशात काकू, काकूंच्या मागे काका, आणि खाली कोपऱ्यात पोरगी.

"आई, हे केसांचं काय चाललंय?" ठकीचे डोळे विस्फारले होते.

"ते राहू दे. बाबा बोलतायत. हात चालू ठेवा हो तुम्ही."

काकांनी फोनमधल्या मुलीकडे पाहिलं, समोर बसलेल्या गिऱ्हाइकाकडे पाहावं तसं. कात्री चालली.

"ठके, मला नको म्हणायचं होतं," ते म्हणाले. काकूंनी डोळे मिटून घेतले. सुटलो एकदाचे. "तू म्हणालीस ना, मी नको म्हणालो तर थांबशील. म्हणूनच जीभ रेटेना. मी इथं खिडकीत बसून असतो दिवसभर. हातांना काम नाही. आईला विचार माझं काय झालंय ते. ज्याला काम येतं त्याला घरी बसवून ठेवलं की त्याचं भूत होतं बघ. मी तर नाइलाजाने बसलोय, सगळ्यांनाच बसवलंय. पण तुझी तिथं गरज असताना मी तुला बसवलं, तर तू थांबशील आणि मग खिडकीतच बसशील. शहाणी आहेस, मला कधी बोल लावणार नाहीस. पण बसशील." त्यांनी केस बोटांत धरले, कापले, सोडले. "तर जा तू. माझ्या भीतीचं मी बघतो."

फोनमधल्या पोरीने बाहीने नाक पुसलं.

"बरं, बाबा," ती म्हणाली.

काकूंनी डोळे उघडले. "काय बरं? अहो, काय सांगताय तुम्ही तिला? ठके, नाही जायचं. मी सांगतेय ना, नाही जायचं."

"आई, तू काय म्हणणार ते मला माहीत होतं गं," ठकी मऊ आवाजात म्हणाली. "म्हणून तर तुला विचारलं नव्हतं. आता जाते, सांगून येते खाली ऑफिसात. केस छान दिसतील तुला."

फोन बंद झाला. आरशात आता दोघंच राहिली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. इतके दिवस ज्या शब्दासाठी जीव टाकला, डोक्यावर कात्री फिरवून घेतली, तो निघाला तो हा. गप्प होता तेव्हा निदान पोर अडून तरी होती. काकूंना ओरडावंसं वाटलं, पण कुणावर ओरडायचं? माणूस खोटं बोलला नव्हता. त्याचं खिडकीतलं बसणं त्यांनीच रोज पाहिलं होतं. जमिनीवर त्यांचे केस पडले होते, डाव्या बाजूचे सगळे. उजवे अजून कमरेपर्यंत होते.

"एक बाजू राहिलीय," काका म्हणाले. "अशी कशी सोडणार?"

काकांनी उजवीकडची पहिली बट उचलली आणि त्यांची जीभ पुन्हा सुटली. ठकीला पहिल्यांदा दुकानात नेलं, तेव्हा ती खुर्चीत बसून गरगर फिरत होती, ते सांगितलं. तिचं जावळ त्यांनी स्वतः काढलं होतं आणि मधेच कात्री ठेवून बाहेर जाऊन उभे राहिले होते, तेही सांगितलं. ती नोकरीला निघाली त्या दिवशी दुकान उघडून दिवसभर एकही गिऱ्हाईक घेतलं नाही, हेही सांगितलं. यातलं काहीच काकूंना ठाऊक नव्हतं. याच्यासाठीच त्या सारा जन्म आसुसल्या होत्या, आणि आता एकेक शब्द सुईसारखा टोचत होता.

"गप्प बसा हो," त्या म्हणाल्या. "हात जोडते तुम्हाला, थोडा वेळ गप्प बसा."

पण उजवी बाजू अजून बरीच बाकी होती. काका कापत राहिले, आणि बोलत राहिले.