शेवटचं कडवं

आमचं संगीत नाटक तीन तास चालायचं. टीव्हीवाल्यांनी ते पाऊण तासात उरकायचं ठरवलं. दादा नाटकात राजा, आणि मी त्याची धाकटी बहीण, विंगेतून वाक्यं पुरवणारी प्रॉम्प्टर. निर्मात्याने राजाच्या शेवटच्या गाण्याची दोन कडवी सरळ उडवली. "थेट प्रसारण आहे, लगेच बातम्या," म्हणाला. दादाने मुकाट मान डोलावली. माझ्या मात्र अंगाचा तिळपापड झाला.

वहिनीने अंथरूण धरल्यापासून तिचं थिएटर सुटलं होतं. शेवटचं कडवं तिचं फार लाडकं. दादा घरी गायला लागला की ती म्हणायची, "बनियनवर गाता ते गुणगुणणं झालं. रंग लावून गा." म्हणून तर त्याने टीव्हीला होकार दिला, आणि भाड्याचा टीव्ही आणून तिच्या पलंगासमोर मांडला.

स्टुडिओत मला निर्मात्याशेजारी काचेआड बसवलं. माझी कुजबुज माइकला ऐकू जाते म्हणे! तिकडे टाळी नाही, कुणाचं खोकणं नाही. तीन कॅमेरे आणि एवढी मोठी रिकामी जमीन. तिथे मुकुट घालून उभा असलेला दादा मला पोरका वाटला.

पहिलं कडवं संपलं. निर्मात्याने बटण दाबलं, पडद्यावरचा राजा गेला आणि बातम्या देणारा आला. त्याच क्षणी दादाने डोळे मिटून दुसरं कडवं उचललं. कडवी उडवल्याचं तो विसरला नव्हता. मी त्याला पुरती ओळखते.

"अहो, संपलं!" कुणीतरी ओरडलं. दादा गातच राहिला. कामगार केबल गुंडाळायला लागले. शेवटच्या कडव्यात त्याचा आवाज असा काही लागला की इतक्या वर्षांत मी तसा ऐकला नव्हता. मला रडू आवरेना. जिच्यासाठी तो गात होता ती सोडून आम्हा सगळ्यांना ते ऐकू येत होतं.

त्याने डोळे उघडले तेव्हा कॅमेऱ्यांवर कापडं पडली होती. काय झालं ते मीच त्याला सांगितलं. त्याने मुकुट उतरवून ठेवला आणि आम्ही घरी आलो.

वहिनी उशीला टेकून वाटच बघत होती. "किती छान दिसलात हो!" मग जरा थांबून तिने हळूच विचारलं, "पण एका कडव्यातच का सोडलंत? दम लागला का?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात दादा म्हणाला, "हो गं. आता नाही पुरत दम."