प्रेमाबाईची साखर

प्रेमाबाईंनी पाण्याचा तांब्या डॉक्टरबाईंपुढं सरकवला, पण चहाचं नाव काढलं नाही. चहा म्हटला की गायत्री बाहेर येणार, आणि लेकीचं लग्न पंधरवड्यावर आलेलं. दवाखान्याची माणसं आपल्या पायानं अणदुरात घर हुडकत येतात, ती काय उगीच?

"मावशी, संशोधनाचं काम आहे," डॉक्टर निकिता म्हणाली. "तुमची साखरेची औषधं इथली, टीबीची तालुक्याची. दोन्ही नोंदी आता एकत्र बघता येतात. आम्हाला नाव दिसत नाही."

"नाव दिसत न्हाय, मग घर कसं घावलं?"

"नोंदीत शंका आली की तिचा नंबर इथल्या केंद्राला कळवतो, नाव तेच काढतात. आशाताईंनी घर दाखवलं."

म्हणजे बोंबच की! प्रेमाबाईंनी पदर आवळला. दोन वर्षांमागं गायत्रीचा खोकला हटेना, तेव्हा लेकीचा बेडका त्यांनी स्वतःचा म्हणून दिला होता. लग्नाच्या पोरीच्या नावावर टीबी लागला तर दारात पाहुणा फिरकेल का? आईच्या नावावर लागू दे, आईला आता कोण बघायला येतंय!

"टीबीच्या गोळ्यांनी साखर चढते, तिचं औषध वाढवावं लागतं," निकिता म्हणाली. "तुमची हललीसुद्धा नाही. असे आणखी रुग्ण निघाले तर आम्ही म्हणू, वाढवायची गरज नाही."

"म्हणा की मग. आमचं काय जातंय?"

"तुमचं नाही. पण ते चूक असलं, तर दुसऱ्या कुण्या मावशीची साखर चढेल आणि कुणाला कळणार नाही. गोळ्या तुम्हीच घेतल्या ना?"

व्हय म्हटलं की सुटका होती. शब्द ओठांवर आलाही. पण थोरल्या जाऊबाईंचा साखरेपायीच पाय कापावा लागला होता. दोन महिने त्यांना उचलून न्हाऊ घातलं ते प्रेमाबाईंनीच. मेली ही बाई नेमकं तेच बोलली.

"न्हाय घेतल्या," त्या जमिनीकडं बघत म्हणाल्या. "कुणी घेतल्या ते इचारू नगा. जीव गेला तरी सांगायची न्हाय."

"नाव नकोच मला. नोंद सुधारायला वय तेवढं सांगा."

प्रेमाबाईंनी तांब्या मागं ओढला. वय सांगितल्यावर राहिलं काय? घरात माणसं ती किती! ही बाई गोड बोलून बरोबर वर्मावर बोट ठेवत होती. उद्या ही गोष्ट व्याह्यांच्या कानावर गेली तर लेकीनं जन्मभर कुणाच्या तोंडाकडं बघायचं?

"एकोणीस."

स्वयंपाकघराच्या दारात गायत्री कधी येऊन उभी राहिली, कळलंच नाही.

"गायत्रे, आत हो!"

ती हलली नाही. "तवा एकोणिसावं चालू होतं," ती डॉक्टरबाईंना म्हणाली. "आन हे बी लिवा, एकबी गोळी चुकली न्हाय. आई रोज समोर बसायची."