टेपचं शेपूट

व्हिनरॉयला मरण्यापूर्वी तिसरी रेकॉर्ड एकदा ऐकायची होती. त्याची बायको, जिला अख्खी गल्ली मिस आयसी म्हणते, सकाळी माझ्या फाटकात उभी राहून एवढं सांगून गेली, आणि माझ्या हातातला पुदिन्याचा चहा तसाच गार झाला. ती रेकॉर्ड जगात कुठेच नव्हती. का नव्हती, हे फक्त मला माहीत होतं.

टिनरूफ बँडमध्ये चौघं होते, व्हिनरॉय ड्रमवर. मी काचेपलीकडे बसून ध्वनिमुद्रण करायचो. दिवसभर चौघं दुसऱ्यांच्या गाण्यांना साथ द्यायचे आणि स्टुडिओ रिकामा मिळाला की स्वतःचं वाजवायचे. होतं रेगेच, पण त्यात फंकचा ठसका आणि जॅझची मुद्दाम वाट चुकायची हौस. पहिल्या दोन रेकॉर्डी अख्ख्या किंग्स्टनमध्ये कुणी विचारल्या नाहीत. नाचाच्या मैदानात स्पीकर लावणारा एक जण तर रेकॉर्ड परत घेऊन आला. म्हणाला, "अरे बाबा, हिच्यावर नाचणाऱ्याने पाय ठेवायचा कुठे?"

"घरी ठेवून ये म्हणावं," व्हिनरॉय म्हणाला.

तिसरी त्यांनी शहात्तर साली अकरा दिवसांत केली. तसं काही मी पुन्हा ऐकलं नाही. मालक म्हणाला, दोन बुडाल्या, ही छापायचीच नाही. टेप फळीवर गेली. त्या वर्षी परदेशी माल येईनासा झाला होता, कोरी टेप मिळत नव्हती, म्हणून न छापलेलं पुसून त्यावरच नवं घ्यायचो. सगळेच घ्यायचे, कुणाला त्यात पाप वाटत नसे. एका गोड गळ्याच्या गायकासाठी मालकाने टेप काढायला सांगितली. फळीवर सात होत्या. मी तीच उचलली.

दुसऱ्या रेकॉर्डच्या वेष्टनावर चौघांची नावं होती, फोटो काढणाऱ्या मुलीचंसुद्धा होतं. माझं नव्हतं. कारण एवढंच. पुढे चौघांनी टेपची चौकशी केली तेव्हा मी कानांवर हात ठेवले. त्या गायकाची गाणी आजही इथल्या प्रत्येक लग्नात वाजतात, आणि ती लागली की मी ताटावरून उठतो.

पण त्याची गाणी थोडी आखूड पडली होती. ती संपल्यावर टेपच्या शेपटाला जुन्या रेकॉर्डचं पाऊण मिनिट उरलं होतं. स्टुडिओ बंद पडला तेव्हा ती टेप मी गुपचूप घरी आणली. मिस आयसी येऊन गेली त्याच दुपारी ती टेप आणि ती वाजवायचं जुनं यंत्र टॅक्सीत घालून रोलिंग्टन टाउनला व्हिनरॉयच्या घरी गेलो.

व्हिनरॉय व्हरांड्यात खाटेवर होता. पार वाळून गेला होता. मिस आयसी त्याला मक्याची लापशी भरवत होती.

"आलास, एगर्टन? मला वाटलं आता थेट पुरायलाच येशील."

"तुला काय घाई आहे?"

"ड्रमवाला कधी उशीर करत नाही रे."

मी शेपूट लावलं. ऑर्गन, मागून त्याचा ड्रम, मध्येच हात आखडता घेणारा. पांघरुणावर त्याची दोन बोटं हलत होती, एकही ठोका चुकला नाही. मग टेप संपली आणि चकती नुसतीच फिरत राहिली.

"बाकीची कुठाय?" मिस आयसीने विचारलं.

"मी पुसली," मी म्हणालो. पंचेचाळीस वर्षं पोटात ठेवलेलं दोन शब्दांत बाहेर आलं.

"ते ठाऊक आहे," व्हिनरॉय म्हणाला. "त्या गायकामागे ड्रम कोण वाजवत होतं? मीच ना? टेपचा डबा यंत्रावर होता, त्यावर माझंच अक्षर. तू वर कागद चिकटवलास. तोही वाकडा, खालचं अक्षर दिसत होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो. शेवटी हिलाच तुझ्या फाटकात पाठवलं. आता का केलंस तेवढं सांग."

मी सांगितलं. ते इतकं क्षुल्लक होतं की सांगता सांगता मला रडू फुटलं. मिस आयसी वाटी उचलून माझ्याकडे न बघता आत गेली.

"नाव हवं होतं तुला?" व्हिनरॉय म्हणाला. "मग सांगायचंस की, गाढवा. माझं खोडून तुझं घातलं असतं."

त्याने थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

"परत लाव," तो म्हणाला.

टेप मागे गुंडाळताना माझ्या बोटांना तपकिरी भुकटी लागली. टेप जुनी झाली की तिच्यावरचं असंच सुटत जातं. आणखी एकदा वाजली असती, पुढे नुसती खरखर. मी त्याला बोटं दाखवली. "व्हिनरॉय, हे झडतंय. जपून ठेवलं तर..."

"कुणासाठी?"

मी बोटं विजारीला पुसली.

"लाव," तो म्हणाला.

मी लावली. या खेपेलाही पुसणारा मीच होतो.