प्रार्थनेला चढलेला रंग

मनुष्य स्वतःच्या उणिवांविषयी जितका मुका असतो, तितकाच सख्ख्या भावाच्या उणिवांविषयी वाचाळ असतो. त्या दोन रंगारी भावांच्या बाबतीत ही गोष्ट दुर्दैवाने खरी ठरली.

थोरला आणि धाकटा घरांना व इमारतींना रंग देण्याचे काम जोडीने करीत. भिंत उंच असली की धाकटा शिडीवर व थोरला खाली, अशी त्यांची रीत होती. वरून येणारा हात आणि खालून जाणारा हात रंग ओला असतानाच एकमेकांस भेटावा लागतो. नाहीतर वाळल्यावर मधोमध सांध्याची रेघ उमटते. त्यांच्या भिंतीवर तशी रेघ कधी कोणी पाहिली नव्हती. अलीकडे मात्र थोरला एकटाच काम करीत होता. दवाखान्याच्या जिन्यातील भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर रेघ आली, तेव्हा तेथील व्यवस्थापकाने तिच्यावरून बोट फिरवून विचारले, "इथे काय, पुराचं पाणी चढलं होतं का?"

थोरल्याने ब्रश पुन्हा डब्यात बुडविला. त्याच्या मते दोष धाकट्याचा होता. धाकट्यानेच अर्धे काम टाकले होते, रस्त्यात भेटला तर तोच मान फिरवीत होता, आणि चर्चला येणेही त्यानेच सोडले होते. वस्तुतः या सर्वांचे मूळ एका प्रार्थनेत होते. परंतु थोरल्याला ती प्रार्थना अपराध म्हणून आठवतच नव्हती.

थोरला चर्चमध्ये शास्त्रपाठ वाचीत असे. शाळा लवकर सुटली होती, पण आवाज खणखणीत होता आणि पाठांतर दांडगे होते. विशेषतः प्रार्थना करावी तर त्यानेच, अशी त्याची ख्याती होती. प्रार्थना करता करता त्याचा कंठ दाटून येई, आणि त्याच्यामागून बाकाबाकांवर रुमाल निघत. धाकट्याच्या मुलीचे लग्न जमण्याच्या बेतात होते, तेव्हा त्याच चर्चच्या मंडळीतले मुलाचे आईवडील धाकट्याच्या घरी आले. चहाआधी थोरल्याने दोन शब्द प्रार्थना करावी, असे सर्वांनी सुचविले. त्याने मुलीसाठी मागितले, मुलासाठी मागितले. मग आवाज भरून आला आणि तो म्हणाला, "आणि हे दयाळू पित्या, माझ्या या भावाला बाटलीच्या बेडीतून सोडव!"

सर्वांनी डोळे उघडले, तेव्हा मुलाच्या आईने कप उचलण्याऐवजी पर्स उचलली होती. दुसऱ्या दिवशी निरोप आला, घाई नको, पाहू.

अशा स्थितीत पाळकसाहेबांनी थोरल्याला बोलावून घेतले. मंडळीच्या पंचांत एक जागा रिकामी होती.

"सगळे तुमचंच नाव घेतात," पाळकसाहेब म्हणाले. "पण सख्ख्या भावाशी तुमचं बोलणं नाही, हे बरं दिसत नाही. आधी जाऊन समेट करा."

थोरल्याला ते पटले. त्याने धुतलेला शर्ट चढविला आणि बायकोला सांगितले, "मी त्याला माफ करायला चाललोय."

बायको भांडी विसळीत होती. "कशाबद्दल माफ?"

"त्याने काम टाकलं, ओळख टाकली. तरी मी मोठ्या मनाने—"

"ते मोठं मन जरा सांभाळून न्या हो. त्यांचं दार अरुंद आहे, अडकेल."

ऊन कलले होते तेव्हा तो धाकट्याच्या घरी पोचला. दार भावजयीने उघडले. "या, भावजी," एवढेच ती म्हणाली. धाकटा स्वयंपाकघरातल्या नळापाशी ब्रश धूत उभा होता. टर्पेंटाइनचा वास कोंडला होता. त्याने वळून पाहिले नाही.

थोरला उभ्याउभ्याच म्हणाला, "मी तुला माफ केलंय."

"कशाबद्दल?"

"सगळ्याबद्दल."

"अरे वा! सगळ्याबद्दल?" धाकटा म्हणाला. "मग थांब दादा, आधी काहीतरी करून तरी घेतो. तुझी माफी फुकट जायला नको."

भावजयीला हसू आले, पण ते तिने ओठांतच दाबले. थोरला दुखावला. आपण कोणत्या अधिकाराने आलो आहोत हे दाखविण्यासाठी त्याने चर्चमधला आवाज लावला.

"थट्टा करू नकोस. प्रभूने स्पष्ट सांगितलंय, की देवाला अर्पण घेऊन आलास आणि तिथे तुला आठवलं, की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध—"

येथे तो थांबला.

हा पाठ त्याने व्यासपीठावरून कितीदा वाचला होता याची गणती नव्हती. शब्द जिभेवर नेहमी बरोबरच असत. कानात मात्र ते उलटे होऊन शिरत. आपल्या मनात भावाविषयी काही असेल तर जावे आणि उदारपणे क्षमा करावी, असेच तो आजवर ऐकत आला होता. वचनात तर भावाचे मन होते. भावाला काय सलते आहे, तेवढेच त्यात विचारले होते.

"पुढे?" भावजय म्हणाली. "का थांबलात?"

थोरल्याने भावाच्या पाठीकडे पाहिले. "त्याच्या मनात... माझ्याविरुद्ध काय आहे?"

धाकट्याने नळ बंद केला आणि प्रथमच तोंड वळविले.

"मी दारू सोडलेली तुला ठाऊक होतं ना, दादा?"

थोरल्याला ठाऊक होते. शेवटची बाटली धाकट्याने त्याच्याच देखत मोरीत ओतली होती. पुढे अंगाला कापरे भरे, तेव्हा त्याला धरून बसणाराही थोरलाच होता.

"होतं," तो म्हणाला.

"मग?"

"प्रभूपुढे बोलताना तोंडातून निघून गेलं."

"प्रभूपुढे? म्हणजे प्रभूला नव्हतं माहीत, तू कळवलंस! अरे, तू त्या बाईला कळवलंस. समोर पर्स घेऊन बसली होती, तिला."

"कामावर बोलावणारे आधी ह्यांच्या तोंडाचा वास घेतात, भावजी," भावजय हळू आवाजात म्हणाली. "मग रंग कोणता ते सांगतात. आणि पोरगी म्हणते, काका आपल्यासाठी एवढे रडले, म्हणजे बाबा खरंच पीत असतील."

थोरल्याला आपल्या धुतलेल्या शर्टाची लाज वाटली. भिंतीला टेकावे तर आपल्यामुळे तीही मळेल, असे त्याला वाटले. तरीसुद्धा मनुष्याची खोड एका क्षणात सुटत नाही. त्याचा आवाज पुन्हा भरून आला.

"मी रविवारी साऱ्या मंडळीसमोर कबूल करीन! व्यासपीठापुढे गुडघे टेकीन, आणि अश्रूंनी—"

"बघ, लागलास!" धाकट्याने हातातला ब्रश ओट्यावर आपटला. "गुडघे नकोत आणि अश्रू तर मुळीच नकोत. तुझं रडणं आम्हाला फार नडतं, दादा. तू पापी म्हणून उभा राहिलास तरी टाळ्या तुलाच पडणार. सांगायचं असेल तर उभा राहा, सरळ सांग, आणि खाली बस. पोरीसाठी सांग. माझ्यासाठी नको."

"आणि तू? तू मला माफ करशील?"

"तू अजून मागितलीयस कुठे?"

थोरल्याने तोंड उघडले. पश्चात्ताप, अंतःकरण, दग्ध असे पुष्कळ शब्द पुढे आले. त्यांतला एकही त्या स्वयंपाकघरात उच्चारता येईना. शेवटी तो म्हणाला, "चुकलो."

 धाकट्याने नळ सोडला आणि तो पुन्हा ब्रश धुऊ लागला. भावजयीने चहाचे विचारले, पण थोरला नको म्हणून बाहेर पडला.

रविवारी शास्त्रपाठ झाल्यावर पाळकसाहेबांनी पंचांच्या जागेचा विषय काढला, तेव्हा थोरला आपल्या बाकापाशीच उभा राहिला. सवयीने काही रुमाल आधीच बाहेर आले. मागच्या बाकावर भावजय व तिची मुलगी होत्या. धाकटा आला नव्हता. मुलाचे आईवडील पलीकडच्या रांगेत होते.

"माझा भाऊ दारू पीत नाही," थोरला म्हणाला. "त्याने सोडली हे मला ठाऊक होतं, तरी मी प्रार्थनेत तसं बोललो. मला पंच करू नका."

तो खाली बसणार तोच पुढच्या बाकावरील एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "बघा गं, केवढी ही नम्रता!" पाळकसाहेबांनीही मान डोलविली. त्या क्षणी थोरल्याच्या छातीत काहीतरी ऊबदार व गोड पसरले. त्याने ते लगेच ओळखले. प्रार्थना करताना रडू येई, त्याच्या अगोदर हेच येत असे. लाजेने त्याच्या कानशिलांना चटका बसला.

तेवढ्यात मुलाची आई उठली. "ठाऊक होतं ना तुम्हाला? मग बोललात कशाला?"

देह दुर्बळ आहे असे म्हणता आले असते. सैतानावरही ढकलता आले असते. तशी उत्तरे ऐकली असती तर मंडळी हळहळली असती. डोळे भरून येऊ लागले होते, आणि ते उघडे ठेवणेही त्याला कठीण झाले होते. तरी थोरल्याने ते मिटले नाहीत.

"प्रार्थनेला रंग चढावा म्हणून," तो म्हणाला.

 म्हातारीने रुमालाची घडी घालून तो पिशवीत ठेवला. ही नम्रता आहे, असे आता कोणालाच वाटत नव्हते. थोरल्याच्या शेजारी बसलेला गृहस्थ किंचित सरकून बसला. मुलाची आई थोरल्याकडे पाहत राहिली, तिखट काहीतरी तिच्या ओठांवर आले असावे. पण ती न बोलता आपल्या बाकावरून निघाली आणि मागे जाऊन भावजयीशेजारी बसली. त्या दोघींचे काय बोलणे झाले ते थोरल्याला ऐकू आले नाही, आणि वळून पाहण्याचा त्याला धीर झाला नाही.

"आपण प्रार्थना करू या," पाळकसाहेब म्हणाले.

या वेळी कोणी थोरल्याकडे पाहिले नाही. प्रार्थनेसाठी एक सुतार उभा राहिला. त्याचा आवाज चांगला होता. "हे दयाळू पित्या," तो म्हणाला, "आमच्या या बंधूची खोटी जीभ तू शुद्ध कर. त्याच्या अहंकाराची मुळे उपटून टाक." पुढे त्याचा कंठ दाटून आला. त्याने ती जीभ पुन्हा आठविली आणि तो अहंकारही पुन्हा आठविला. थोरल्याला वाटले, आता हा थांबेल; पण तो थांबेना. साऱ्या मंडळीचे डोळे मिटलेले असूनही सर्वजण आपल्याकडेच पाहत आहेत, असे त्याला जाणवत होते. त्या दिवशी स्वतःच्या घरात, मुलीच्या होणाऱ्या सासरच्या माणसांसमोर धाकटा असाच मान खाली घालून बसला होता, आणि प्रार्थना संपल्यावर त्यानेच सर्वांपुढे चहाचे कप सरकविले होते.

सुतार कितीतरी वेळ बोलत होता. त्याचे झाले तेव्हा सर्वांबरोबर थोरलाही "आमेन" म्हणाला.